सख्खे शब्द, परके शब्द: २६० रुपयांच्या एका कार्डपेटीबद्दल

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास झेरॉक्सची जी दुकानं आहेत, त्यातल्या एका दुकानाच्या काउंटरवर लॅमिनेशनच्या मशिनशेजारी पुठ्ठ्याचे काही छोटे खोके रचून ठेवलेले असतात. एका खोक्यात १८० कार्डं, किंमत २६० रुपये. वैद्यकीय इंग्रजी शब्द अक्षरांच्या गटावरून ओळखायला शिकवणारी ही कार्डं आहेत. आयुष्यभर लॅबमध्ये काम करून निवृत्त झालेल्या एका बाईंनी ती स्वतः लिहून छापून घेतली. खोक्यावर त्यांनी नाव टाकलेलं नाही, म्हणून मीही टाकत नाही. मी गेल्या जूनमध्ये पेटी घेतली. आठ महिने रोज वापरली, आता लिहितेय.

मी एका सोनोग्राफी सेंटरमध्ये रिपोर्ट टाइप करते, या कामाला अकरा वर्षं झाली. शाळा मराठी माध्यमाची, नंतर बी.कॉम. डॉक्टर बोलत जातात, मी टाइप करत जाते. स्पेलिंग पक्कं होतं, पण ते रांगोळीचे ठिपके पाठ असावेत तसं. कुठला ठिपका कशासाठी, ते माहीत नव्हतं.

ते मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळलं. माझे वडील, घरी आम्ही त्यांना नायना म्हणतो, यंत्रमागावर चादरी विणायचे. एका सकाळी चहा पिताना त्यांचे डोळे पिवळे दिसले. गल्लीत लगेच सल्ले सुरू झाले: कुणी म्हणे गळ्यात माळ घाला, कुणी म्हणे अमुक गावाला कावीळ उतरवून देतात. आम्ही रक्त तपासलं आणि सोनोग्राफी केली. आमचं सेंटर त्या दिवशी बंद होतं म्हणून दुसरीकडे गेलो. रिपोर्ट हातात दिला, कुणी काही सांगितलं नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ‘माइल्ड हेपॅटोमेगॅली’.

हा शब्द मी दिवसातून चार-पाच वेळा टाइप करत होते. पण तो माझ्याच वडिलांच्या नावाखाली दिसला आणि हातपाय गार पडले. ‘मेगा’ एवढंच डोक्यात घुमत राहिलं. काहीतरी फार मोठं झालंय, हातातून गेलंय, असं वाटून मी जिन्यातच बसले. संध्याकाळी डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं की यकृत सुजून थोडं मोठं झालंय, उतरेल. रक्तात हेपॅटायटिस ई निघाला, जो दूषित पाण्यातून होतो. आमच्याकडे पाणी भरून साठवूनच वापरतात. तेव्हापासून घरात पाणी उकळल्याशिवाय कुणी पीत नाही. दीड महिन्यात नायना बरे झाले. पण जिन्यातली ती दहा मिनिटं मी विसरले नाही. त्या शब्दाचे दोन तुकडे मला माहीत असते तर ती दहा मिनिटं आलीच नसती.

आता पेटीकडे येते. प्रत्येक कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी अक्षरांचा एकच गट मोठ्या टाइपात छापलेला आहे. मागे दोन कप्पे आहेत. हिरव्या कप्प्यावर लिहिलंय ‘सख्खे’, लाल कप्प्यावर ‘परके’. ज्या शब्दांत तो गट त्याच अर्थाने आलाय ते सख्खे. जिथे अक्षरं तीच दिसतात किंवा तशी भासतात पण कूळ वेगळं आहे, ते परके. या एका कल्पनेसाठी मी पेटीला पैकीच्या पैकी देईन. मी याआधी दोन पुस्तकं आणि मोबाइलवरचं एक अ‍ॅप वापरलं होतं. त्यात सगळी सख्खी मंडळी ओळीने उभी केलेली, परक्यांचा उल्लेखच नाही. आणि माणूस फसतो तो परक्यांपाशीच.

३१ नंबरचं कार्ड घ्या. पुढे पाच अक्षरं: एच, ई, पी, ए, टी. मागे वर बारीक अक्षरांत: ‘ग्रीक हेपार म्हणजे यकृत.’ हिरव्या कप्प्यात हेपॅटिक म्हणजे यकृताचं, हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह, हेपॅटोसाइट म्हणजे यकृताची पेशी, हेपॅटोमेगॅली म्हणजे यकृताची वाढ, हेपॅटेक्टॉमी म्हणजे यकृत किंवा त्याचा भाग कापून काढणं, हेपॅटोटॉक्सिक म्हणजे यकृताला विषारी. त्याखाली हेपॅटिक फ्लेक्शर, आणि कंसात सूचना: ‘हा भाग यकृताचा नाही, मोठ्या आतड्याचा आहे. यकृताजवळ वळतो म्हणून हे नाव.’ ही सूचना वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पोटाच्या रिपोर्टमध्ये हा शब्द मी कितीदा लिहिला असेल, आणि कायम समजत होते की यकृतालाच कुठेतरी घडी पडते.

लाल कप्प्यात हेप्टागॉन, हेप्टेन, हेप्टॅथलॉन. इथे पी नंतर टी येतो आणि मग ए. हा ग्रीक हेप्टा म्हणजे सात. सात बाजूंची आकृती, सात कार्बनचं हेप्टेन, सात प्रकारांची स्पर्धा. कार्डावर एका ओळीत आठवणही दिलीय की २०१८ च्या आशियाई स्पर्धेत स्वप्ना बर्मननं हेप्टॅथलॉनमध्ये सुवर्ण जिंकलं. ती सात शर्यती-उड्या-फेकी करणारी मुलगी डोळ्यांपुढे आली की टी आणि ए ची अदलाबदल पुन्हा होत नाही. माझी तरी झालेली नाही.

आणि याच कार्डावर, ज्यात टी-ए चा फरक शिकवलाय त्याच कार्डावर, हिरव्या कप्प्यातल्या हेपॅटायटिसच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये टी आधी आणि ए नंतर छापलंय. सातांचा आजार! छपाईच्या चुका होतात, पण ही चूक याच जागी व्हायला नको होती. पहिल्यांदा शिकणारी मुलगी हेच पाठ करेल आणि परीक्षेत लिहून येईल. मी दुकानदारांना चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी ती पोचवली, त्याबद्दल शेवटी सांगते.

माझ्या कामासाठी सगळ्यात मोलाची निघाली ती ११२ आणि ११३ ही जोडी. पोर्टल व्हेन म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर. तिच्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्त कुठल्या दिशेला वाहतंय ते लिहावं लागतं. यकृताकडे जात असेल तर हेपॅटोपेटल, उलटं यकृतापासून दूर जात असेल तर हेपॅटोफ्यूगल. पहिलं नेहमीचं, दुसरं म्हणजे आत दाब वाढून प्रवाह उलटलेला. शब्दाचं अर्धं अंग सारखं, अर्थ बरोबर विरुद्ध. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर फ्यूगल म्हणाले आणि मी जुन्या नमुन्यातलं पेटल तसंच ठेवलं. सहीच्या आधी डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, “ताई, हा पेशंट त्या एका शब्दाने नॉर्मल झाला असता.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

११३ नंबरच्या कार्डावर फ्यूग, लॅटिनमध्ये पळणं. सख्ख्यांत सेंट्रिफ्यूज आणि रेफ्यूजी. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या गरगर फिरवायचं मशिन म्हणजे सेंट्रिफ्यूज, ज्यात जड पेशी मधल्या भागापासून दूर, तळाकडे पळतात. बाईंनी ते मशिन रोज चालवलं असणार, म्हणूनच हे उदाहरण इतकं नेमकं बसलंय. ११२ वर पेट, लॅटिनमध्ये एखाद्या गोष्टीकडे झेपावणं. सख्ख्यांत सेंट्रिपेटल, म्हणजे शाळेतलं अभिकेंद्री बल. परक्यांत फुलाची पाकळी, पेटल. ती ग्रीक पेटालॉनमधून आली, तिचा झेपावण्याशी संबंध नाही. आता डॉक्टर फ्यूगल म्हणाले की मला रेफ्यूजी दिसतात, यकृताकडे पाठ करून निघालेले.

कार्डं मी रात्री जेवणानंतर चटईवर मांडते. एकदा नायना शेजारी येऊन बसले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण हेपॅटचा अक्षरगट चार-पाच शब्दांत त्याच जागी बसलेला त्यांना दिसला. म्हणाले, “हे जकार्डसारखंच की. पुठ्ठा तोच आला की फूल तेच येणार.” ज्यांनी सोलापुरी चादर विणताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. कुठले धागे उचलायचे ते भोकं ठरवतात, आणि माळ फिरून तोच पुठ्ठा आला की नक्षीची तीच ओळ पुन्हा उमटते. मी त्यांना लाल कप्पा दाखवला आणि विचारलं, मग हे? अक्षरं दिसायला तशीच, फूल वेगळं. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “मग तो पुठ्ठा दुसऱ्या डिझाइनचा. मिसळलाय.” पेटी विकत घ्यायच्या आधी कुणाला ती समजावून सांगायची असेल तर याहून चांगलं मला सांगता येणार नाही.

त्याच बसण्यात मी त्यांना २०१९ चा तो शब्द उलगडून दाखवला. हेपॅट म्हणजे आपण मटणाच्या दुकानात तेलुगूत कार्जम म्हणतो ते, आणि मेगॅली म्हणजे मोठं होणं. “एवढंच होतं?” त्यांनी विचारलं. एवढंच होतं.

३२ नंबरचं कार्ड गमतीचं आहे, आणि मला वाटतं सगळ्या पेटीत सगळ्यात विचार करून केलेलं. त्यावर ग्रीक नाही, साधा इंग्रजी शब्द लिव्हर. सख्ख्यांत लिव्हरवर्ट. पावसाळ्यात ओल्या दगडांवर पसरणारी ही चपटी हिरवी वनस्पती अकरावी विज्ञानवाल्यांना मार्केन्शिया आणि रिक्सिया म्हणून भेटते. तिचा आकार यकृतासारखा दिसतो म्हणून ती यकृताचं औषध, अशी जुन्या युरोपात समजूत होती. तिच्या गटाचं जुन्या पुस्तकांतलं नाव हेपॅटिसी, म्हणजे पुन्हा तेच यकृत. तीन पाळ्यांच्या पानाचं हेपॅटिका नावाचं फूलही याच समजुतीतून नाव घेऊन बसलंय. भाच्याला मी हे दाखवलं तर तो म्हणाला, “मावशी, हे पुस्तकात कुणी सांगितलंच नाही.”

लाल कप्प्यात लिव्हर दडलेले, पण यकृताशी नातं नसलेले शब्द: स्लिव्हर म्हणजे बारीक कपची, लिव्हरी म्हणजे नोकरांना मालकाने दिलेला ठरावीक पोशाख, २०१२ साली नाव मिळालेलं ११६ क्रमांकाचं मूलद्रव्य लिव्हरमोरियम, जे अमेरिकेतल्या लिव्हरमोर या गावातल्या प्रयोगशाळेवरून आलं. आणि डिलिव्हरी. हा शब्द तर आपल्या बोलण्यात मराठीच झालाय. बाळंतपणाच्या वॉर्डावर पाटी असते, त्यात सरळ लिव्हर दिसतं, आणि नर्सिंगच्या मुली खरोखर विचारतात की याचा यकृताशी काय संबंध. काही नाही. कार्डावर लिहिलंय की मूळ लॅटिन लिबेरारे, मोकळं करणं. ते वाचून मला माझ्या आईचं बोलणं आठवलं. आई बिड्या वळायची, तिच्याबरोबरच्या मराठी बायका बाळंत झालेलीबद्दल कायम म्हणायच्या, “मोकळी झाली गं, सुटली.” त्यांना लॅटिन माहीत नव्हतं. दोन्हीकडच्या बायकांना एकच गोष्ट वाटली आणि एकच शब्द सुचला.

बाकीची कार्डं थोडक्यात. शेवटी येणाऱ्या ‘ओमा’चं कार्ड फार चांगलं आहे. हेपॅटोमा यकृताची गाठ आणि ती कर्करोगाची, पण हेमॅटोमा म्हणजे नुसतं साकळलेलं रक्त, कर्करोग नव्हे. हे वेगळं सांगितल्यामुळे रिपोर्ट वाचणाऱ्या किती घरांतलं रडणं वाचेल. परक्यांत, मूळ ग्रीक अर्थाने, कोमा म्हणजे गाढ झोप आणि डिप्लोमा म्हणजे दुमडलेला कागद. ‘इमिया’च्या, म्हणजे रक्ताशी संबंधित, कार्डात अ‍ॅनिमिया आणि ल्युकेमिया सख्खे, अ‍ॅकॅडेमिया परका. हृदयाची आणि हाडांची कार्डं ठीक आहेत, तशी कुठल्याही पुस्तकात मिळतात.

पित्ताच्या कार्डावर मात्र माझी खरी तक्रार आहे. ‘कोले’ म्हणजे पित्त, एवढंच लिहून सोडलंय. आपल्याकडे “मला पित्त झालं” म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर, डोकं दुखणं. ते जठरातलं आम्ल. कोलेसिस्टायटिस म्हणजे पित्ताशयाचा दाह, त्यातलं पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. हा घोटाळा मराठी माध्यमातल्या प्रत्येक मुलीचा होतो, माझा झाला होता, आणि तो सोडवायला दोन ओळी पुरल्या असत्या. तसंच स्प्लीनच्या कार्डावर फक्त ‘प्लीहा’ आहे. आमच्याकडे येणारे पेशंट प्लीहा म्हणत नाहीत. ग्रामीण भागातून येणारी म्हातारी माणसं पांथरी म्हणतात. तो शब्द हवाच. आणि परक्यांचा कप्पा काही कार्डांवर फिक्या पिवळ्या शाईत छापलाय, ट्यूबच्या उजेडात वाचताच येत नाही. खोक्याचं झाकण दुसऱ्या महिन्यात फाटलं. माझी कार्डं सध्या शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात राहतात.

अजून एक गोष्ट, जिला उणीव म्हणावं की पुढच्या आवृत्तीची मागणी, ते तुम्ही ठरवा. ३१ नंबरच्या कार्डावर ‘ग्रीक हेपार’ लिहून गोष्ट संपवलीय. माझ्या नणंदेचे सासरे संस्कृत शिकवायचे. त्यांना कार्ड दाखवलं तर ते म्हणाले, यकृत आणि हेपार हे एकाच मुळाचे आहेत. लॅटिनमध्ये त्याचंच येकुर झालं. कानाला पटत नाही, पण भाषांचे अभ्यासक ते एकाच फार जुन्या शब्दाची रूपं मानतात. प्लीहा आणि ग्रीक स्प्लेन यांचंही तसंच. म्हणजे मी टाइप करते तो सगळ्यात लांबलचक शब्द, हेपॅटोस्प्लेनोमेगॅली, यकृत आणि पांथरी दोन्ही वाढलेली, त्यातले पहिले दोन तुकडे आपल्या यकृत आणि प्लीहेचे दूरचे सख्खे निघाले. त्यांनी आणखी एक गाठ सोडवली. रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचं नाव हेपारिन, त्यात टी का नाही? ग्रीकमध्ये तो शब्द एकटा असताना हेपार असतो, ‘यकृताचा’ म्हणायचं झालं की हेपाटोस होतो. संस्कृतातही यकृत्‌चं षष्ठीत यक्नः होतं. हेपारिनला पहिलं रूप मिळालं, हेपॅटायटिसला दुसरं. १९१६ मध्ये मॅकलीन नावाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतावर काम करताना रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला, त्यातून पुढे हे नाव पडलं. आज ते औषध डुकराच्या आतड्यांतून काढतात, नाव यकृताचंच राहिलं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ‘ग्रीक’ म्हटलं की ते आपलं नाही, असं वाटून ती मागे सरते. यकृत त्याच घरातलं आहे हे तिला पहिल्याच कार्डावर कळलं तर ती खुर्ची पुढे ओढेल. मी माझ्या कार्डाच्या खालच्या मोकळ्या जागेत निळ्या पेनने लिहून ठेवलंय: यकृत, येकुर, हेपार.

कुणी घ्यावी: नर्सिंग, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा), फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी, रिपोर्ट टाइप करणाऱ्यांनी, मेडिकल दुकानात काउंटरवर उभं राहणाऱ्यांनी. एमबीबीएसच्या मुलांना कदाचित फार सोपी वाटेल. इंग्रजी उच्चार देवनागरीत दिलेत, ते बहुतेक बरोबर आहेत, पण हेपॅटो आणि हिपॅटो असं दोन्ही आलंय, ऐकूनच पक्कं करा. पोस्टाने पाठवत नाहीत, दुकानात जावं लागतं, आणि दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आधी दुसरी छपाई आली असं कळलं, म्हणून सेंटरमधल्या नव्या मुलीसाठी एक पेटी घ्यायला गेले. काउंटरवरच खोका उघडून ३१ नंबरचं कार्ड काढलं. हेपॅटायटिसमध्ये आता ए आधी, टी नंतर. चूक दुरुस्त झालीय. पिवळी शाई तशीच आहे, पित्ताच्या कार्डावरही एकच ओळ. यकृताचं नातं अजून आलेलं नाही. दुसरी चिठ्ठी देऊन आले, यावेळी पांथरीसुद्धा लिहिलीय.